तीन बोटांचं सारवण

अमरावतीत, राजापेठेतल्या माझ्या घरी, कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, लग्नातल्या शालूखाली एक गोवरी ठेवलेली आहे. हसायचं असेल तर हसून घ्या. माझी सूनही पहिल्यांदा हसलीच होती. "आई, हे शेण कशाला जपून ठेवलंय?" असं तिनं नाक धरून विचारलं, आणि मी तिला असं काही बोलले की बिचारी दोन दिवस माझ्यासमोर आली नाही. चूक तिची नव्हती. पण त्या गोवरीबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं की माझं डोकं सटकतं, आणि डोकं सटकलं की माझी भाषा थेट गावाले जाते. मग शाळेतली बाई कुठली अन् काय कुठलं.

गोवरी साधीच आहे. भाकरीएवढी, वाटोळी, करडी पडलेली. मधोमध एका बाईच्या उजव्या हाताचा पंजा उमटलाय. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट, मग कोरी जागा, मग करंगळी. कोऱ्या जागेतलं बोट कडबा कापायच्या मशीनमध्ये गेलं, माझ्या जन्माच्याही आधी. हा माझ्या मायचा हात. तीन वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा गावच्या घरामागे तिच्याच हातच्या गोवऱ्या रचून ठेवलेल्या होत्या. त्या सगळ्या तिच्यासोबत चितेत गेल्या. ही एक मी पदराखाली लपवून आणली.

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला. सुनील आता गावचा सरपंच आहे.

"आत्या, पांढरीवर माहिती केंद्र झालं आपल्या. पुढच्या रविवारी उद्घाटन हाय. मोठे सर येऊन राहिले, त्यायचा सत्कार हाय. आभारप्रदर्शन तुमी करा."

"कोणते सर?"

"अवं तेच, खोदकामवाले. ऐंशीच्या वर गेले म्हनतात, पन येतो म्हनले. आपल्या गावातून शिकून मास्तरीन झालेली पयली बाई तुमीच. तुमच्याशिवाय कोन बोलन?"

बाहेर गल्लीत शिकवणीचा क्लास सुटला होता. सगळ्या पोरापोरींनी एकदम स्कूटी सुरू केल्या, हॉर्नवर हॉर्न. मी खिडकी लावून घेतली आणि म्हटलं, "करते." मला भीती वाटली नाही, रडूही आलं नाही. मला आनंद झाला. इतका की मी उठून स्वतःपुरता चहा केला आणि त्यात दुप्पट साखर टाकली. सेहेचाळीस वर्षं मी या माणसाची वाट पाहत होते. तो आपल्या पायांनी चालत येणार होता, आणि शेवटचं बोलायचं माझ्याकडे होतं.

आमचं गाव हिवरखेडच्या वाटेवरचं, सातपुडा उत्तरेला निळा दिसतो तिथलं. गावाच्या शेवटी नाल्याच्या काठी एक टेकाड होतं, त्याला आम्ही पांढरी म्हणायचो. सगळं रान काळंभोर, आणि मधेच ही पांढुरकी, भुसभुशीत, राखेसारखी माती. सणाआधी गावातल्या बाया टोपली घेऊन तिथं जायच्या आणि घरं सारवायला ती माती आणायच्या. आमच्या भिंती, चुली, ओटे सगळे त्या मातीचे. त्या मातीत खापराचे तुकडे निघायचे, लाल, वरून काळ्या रेघा ओढलेले. आम्ही पोरी त्यांचा टिक्कर-बिल्ला खेळायचो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची भांडी आहेत ती, हे आम्हाला कोण सांगणार? आम्ही तं त्यावर लंगडी घालून राहिलो होतो.

मग सेहेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात जीप आली, तंबू आले. सरांनी पांढरीवर खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या, टेकाडाचे चौकोन चौकोन केले. सर तेव्हा पस्तिशीतले, गोरेपान, डोक्यावर टोपी, खिशात नेहमी एक पेन्सिल. आणि पायात तपकिरी रंगाचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे लेसचे बूट. त्या बुटांचा आवाज मला अजून ओळखता येईल. कोरड्या मातीवर करकर, करकर.

मायला खापरं धुवायचं काम लागलं. नाल्यावरून पाणी आणायचं, घमेल्यात खापरं भिजत घालायची, जुन्या ब्रशनं घासायची आणि चटईवर ज्या चौकोनातली त्या चौकोनात वाळत मांडायची. शाळा सुटली की मी तिच्याजवळ जाऊन बसायची. ओल्या खापराचा वास सांगू? पहिल्यांदा भाजलेल्या मातीचा येतो, मग जरा दमानं घेतला तर जुन्या धुराचा. माय खापर नाकाशी धरायची आणि म्हणायची, "यात दूध उतू गेलं होतं बाप्पा." किंवा, "हे गाडगं चुलीवरचं नोय, पान्याचं हाय." सरांच्या हाताखालची शिकाऊ पोरं हसायची आणि हसता हसता वहीत लिहून घ्यायची. दुपारी आम्ही ज्वारीची भाकर आणि वाटलेल्या मिरचीचा ठेचा खायचो, लिंबाच्या सावलीत. सगळीकडे तुरीचा वास असायचा, कारण शेजारच्या शेतात तूर सोंगून पडलेली होती.

एक दिवस मोठ्या खड्ड्यात माणसं कमी होती म्हणून मायला खाली उतरवलं. सगळे खुरप्यांनी माती खरवडत होते. माय बसली, दोन-तीन हात मारले आणि एकदम थांबली. बोटाच्या पेरानं जमिनीवर टकटक केलं. मग तोंडातल्या तोंडात काही बोलली, पिण्याच्या पाण्याचा डबा घेऊन जमिनीवर चार थेंब पाणी शिंपडलं आणि वाकून वास घेतला.

"साहेब, खुरपं थांबवा," ती म्हणाली. "हे सारवन हाय."

सर वरून म्हणाले, "बाई, तुम्ही काम करा. ती नुसती कडक माती आहे."

"कडक माती असा आवाज नाई देत. पोकळ वाजते पाहा. हे घर हाय कोन्या बाईचं. आपन तिच्या घरात उभे हावो." मग ती उठली, चपला काढल्या, वर माझ्याकडे फेकल्या आणि बाकीच्यांना म्हणाली, "काढा नं गा चपला. कोनाच्या घरात असं शिरतात काय?"

आणि गंमत म्हणजे सगळ्यांनी काढल्या. मजुरांनी काढल्या, शिकणाऱ्या पोरांनी काढल्या. सर तेवढे बूट घालून खाली उतरले. करकर, करकर. लेस सोडायला वेळ लागतो, असं काहीतरी म्हणाले. मायनं त्यांच्या पायाकडे पाहिलं.

ती जमीन खरंच घराची निघाली. गोल घर, मधे चूल, एका बाजूला धान्याच्या कणगीचा खड्डा. खड्ड्याच्या कडेला उभा काप घेतला होता तिथं सारवणाचे थर दिसायचे, पापडासारखे पातळ, एकावर एक. मायनं मला खाली घेतलं आणि नखानं एकेक थर दाखवला. सर बाजूलाच उभे होते, मीही मोठ्यानं मोजले. सात. "सात डाव सारवलं तिनं," माय म्हणाली. "मग गेली कुठी कोन जाने." तिनं त्या मातीचा चुरा चिमटीत घेऊन चोळला. "शेन हाय, पांढरी हाय, आन् कुटार बी घातलं व्हय बाईनं. गव्हाचं कुटार." कुटार म्हणजे भुसा. घरी आल्यावर बाजरीची भाकर थापताना ती त्या बाईबद्दलच बोलत होती. तिची सासू कशी असेल, तिला पाणी किती लांबून आणावं लागत असेल. जसं काही गावातच नवीन बिऱ्हाड आलं होतं.

आता ते सांगायचं ज्यासाठी मी हे लिहून राहिली.

त्याच घरात एक लाल मणी सापडला. हरभऱ्याएवढा, आरपार उजेड जाणारा. मायनं तो उचलून सरांच्या तळहातावर ठेवला, तो सरांनी कागदाच्या पुडीत ठेवायला दिला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुडी रिकामी निघाली. सर खड्ड्याच्या काठावर आले. सगळ्या बायांना ओळीनं उभं केलं. बाकीच्यांनी ओचा झटकून दाखवला आणि झालं. मायला म्हणाले, "तुम्ही थांबा." तिच्या पदराच्या टोकाला गाठ होती, ती सोडायला लावली. त्यात माझ्यासाठी ठेवलेला गुळाचा खडा होता, त्याला मुंग्या लागलेल्या. मग सरांनी खिशातली पेन्सिल काढली आणि पेन्सिलीच्या टोकानं मायचा अंबाडा उसकटला. हात लावला नाही. काहून हात लावला नाही, ते मले तवा समजलं नाई. आमचं घर गावाच्या कोणत्या टोकाला होतं ते सरांना पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगून ठेवलेलं होतं, हे मला फार मागून कळलं. मायचे केस लय लांब होते. ते सगळे पाठीवर आले, चारचौघांत, भर दुपारी. मग सर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तोंड उघड. जीभ वर कर."

मी जीभ वर केली. पेन्सिल माझ्या तोंडात घातली नाही एवढंच. पण तिचा लाकडाचा वास माझ्या नाकात बसला तो बसलाच. आजही शाळेत पोरं पेन्सिलीला टोक करायला लागली की मी वर्गाबाहेर जाऊन उभी राहते.

माय माझा हात धरून घरी निघाली. केस तसेच मोकळे होते.

दुसऱ्या दिवशी बाजार होता, कामाला सुट्टी. सर व्याख्यानाला म्हणून आठवड्यासाठी शहरात गेलेले. घराचा खड्डा ते येईपर्यंत पोत्यांनी झाकून ठेवला होता, आणि चौकीदार लिंबाखाली आडवा पडला होता, तोंडावर टॉवेल टाकून. दुपारी बारा-साडेबाराला मायनं बादलीत ताजं शेण घेतलं, पांढरी माती घेतली, मूठभर कुटार घेतलं. मला म्हणाली, "चाल."

"कुठी?"

"काम सुटलं आपलं तिथलं. सारवून येऊ."

आमच्या घरातली ही रीतच होती. एखादं घर सोडायचं, भाड्याचं असो की मळ्यातली झोपडी असो, तं निघायच्या आधी सारवून निघायचं. मागच्याले उखणलेली जमीन ठेवायची नाही. मायची माय असंच करायची म्हणे. मी मायला विचारलं, "आपन तं तिथी राहत नव्हतो." ती म्हणाली, "राहत नव्हतो. पन चपला काढून गेलो होतो नं?"

चौकीदार घोरत होता. मायनं पोती बाजूला केली, खाली उतरली, पदर खोचला आणि उकिडवी बसून मागे मागे सरकत सारवायला लागली. मी काठावर बसून पाहत होते. ओल्या शेणाचा वास, वरून ऊन, आणि मायच्या बांगड्यांचा आवाज. तिचा हात गोल गोल फिरायचा आणि मागे रेघांची कमान राहायची. दोन रेघा, मग कोरी जागा, मग एक रेघ. घरी ती सारवायची तेव्हा हात हलका असायचा. त्या दिवशी रेघा खोल उमटत होत्या. मला वाटायचं, माय किती मोठ्या मनाची, एवढं होऊनही सारवून निघाली. अशी मोठ्या मनाची कौतुकं करायला फार सोपी असतात. आता मी तो हात पुन्हा डोळ्यासमोर आणते तेव्हा मला स्पष्ट दिसतं की ती रागानं सारवत होती. जमिनीवर दात-ओठ खात सारवत होती. वाळल्यावर तिनं पोती पुन्हा जशीच्या तशी टाकली आणि आम्ही घरी आलो.

आठ दिवसांनी सर परत आले त्याच दिवशी चाळणीच्या मातीत तो मणी सापडला. जीपचा ड्रायव्हर आमच्या दारात येऊन म्हणाला, "मणी भेटला. साहेबांनी सांगतलं, उद्यापासून ये म्हणावं." बस, एवढंच. माय दाणे पाखडत होती. ती सुपातून वर न पाहता म्हणाली, "नाई येत म्हना." आणि पाखडत राहिली.

त्या खड्ड्याचं पुढं काय झालं ते मला आठ वर्षांनी कळलं, अमरावतीत कॉलेजला असताना. वाचनालयात सरांचं जाड पुस्तक आलं होतं. मी गावाचं नाव पाहून हातात घेतलं, आणि मुखपृष्ठावर माझ्या मायचा हात होता. अख्ख्या पानभर. दोन रेघा, कोरी जागा, एक रेघ. सरांना वाटलं असणार पोरांनी जमीन साफ करून ठेवली, पोरांना वाटलं असणार सरांनीच जाण्याआधी केली, आणि पोत्याखाली आठ दिवस धूळ-दव खाऊन मायचं सारवण पुरेसं जुनं दिसायला लागलं होतं. तीच शेण-माती, तेच कुटार, तीच पांढरी. कोणाच्या बापाला कळणार?

आत एक पूर्ण प्रकरण होतं त्यावर. सारवणाचे आठ थर. सगळ्यात वरच्या थरावर बोटांचे ठसे, आणि त्यात अनामिकेची रेघ नाही. म्हणून सरांनी लिहिलं होतं की त्या काळच्या स्त्रिया घर सोडण्यापूर्वी अनामिका दुमडून, तीन बोटांनी जमीन सारवत, तो त्यांचा विधी होता. पानभर टिपा, दूरदूरच्या देशांतले दाखले. मी वाचनालयात इतक्या मोठ्यानं हसले की ग्रंथपाल उठून आले. मग मी शेवटचं पान उलटलं. तिथं सगळ्यांचे आभार होते, जीपच्या ड्रायव्हरचेही नावानिशी. आणि खाली, "स्थानिक मजूर स्त्रिया." ते घर कसं ओळखलं तेही होतं. "जमिनीच्या पोकळ आवाजावरून माझ्या लक्षात आले." माझ्या लक्षात आले! मी पुस्तक मिटलं, बाहेर नळावर जाऊन तोंडावर पाणी मारलं, तरी हुंदके थांबेनात.

सुट्टीत घरी आले आणि मायला सगळं सांगितलं. वाटलं, ती हसेल. ती पांढरीफटक पडली. "सरकारी जागा खराब केली म्या," ती म्हणाली. "आता पोलीस येतीन. त्यायनं मले चोर ठरवलं होतं एकदा, आता तं खरंच गुन्हा हाय." मी किती समजावलं. तिनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. "मी हावो तोवर बोलजो नोको. शपथ हाय तुले."

मी नाही बोलले. मी नोकरी केली, लग्न केलं, पोरं वाढवली आणि तो राग लोणच्यासारखा झाकून ठेवला. सरांची छायाचित्रं पेपरात यायची, हातात ते पुस्तक. मी त्यांच्या तोंडावर चहाचा कप ठेवायची. वर्गात इतिहासाचा धडा आला की पोरं विचारायची, बाई, उत्खनन म्हणजे काय? मी सांगायची, दुसऱ्याच्या घरात बूट घालून शिरणं. एका पालकानं मुख्याध्यापकांकडे तक्रार केली. केली तं केली.

माय शेवटच्या दुखण्यात माझ्याकडे होती, राजापेठेत. फरशीवर तिचा पाय रमायचा नाही. एका सकाळी म्हणाली, "ते सारवन अजून असन काय वं तिथी?" मी म्हटलं, "हाय. तुझ्या फोटोचं पुस्तक निघालं, तं सारवन कुठी जाते?" तिनं डोळे मिटले. जरा वेळानं म्हणाली, "चांगलं झालं होतं. हात बसला होता त्या दिवशी." त्यानंतर चार दिवसांत ती गेली, आणि आम्ही तिला गावी नेलं.

तर गेल्या रविवारी मी गावाला गेले. पिशवीत गोवरी, नव्या पांढऱ्या रुमालात बांधलेली. आरशासमोर भाषण दहा वेळा म्हणून पाहिलं होतं.

पांढरी आता अर्धीही उरली नाही. तिच्यावर पत्र्याचं गोल छत, लोखंडी दार, आत दिवे. त्या वर्षी वाळूनं भरून बंद केलेला खड्डा पुन्हा उघडून वर जाड काच टाकली आहे, म्हणजे लोकांना वरून चालत चालत खाली पाहता येतं. दाराशीच मी चपला काढल्या. मी एकटीच. बाकी सगळं गाव, पाहुणे, फोटोवाले, काचेवरून चपला-बुटांनी चालत होते, आणि काचेखाली माझी माय. दोन रेघा, कोरी जागा, एक रेघ. शेजारी पाटी, मोठ्या अक्षरात, "सारवणाचे आठ थर. तीन बोटांचा विधी." दोन पोरी अनामिका दुमडून फोटो काढत होत्या.

सर पहिल्या रांगेत होते. वाळून गेलेले, हातात काठी, कानात मशीन. तरी बूट तसेच, लेसचे. मी त्यांना पाहून गलबलून जाईन अशी मला स्वतःबद्दल जरा धास्ती होती. काही गलबललं नाही. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि माझा आवाज आपोआप खणखणीत झाला.

आभारप्रदर्शन कोणी ऐकत नाही, हे मी तीस वर्षं शाळेत पाहिलं आहे. बाहेर गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजत होते, वांग्याच्या भाजीचा वास येत होता, आणि मी माइकसमोर उभी राहिले तशी मागच्या खुर्च्या सरकायला लागल्या. पाहुण्यांचे आभार मानले, मंडपवाल्याचे मानले. मग म्हटलं, "तीन हजार वर्षांपूर्वी या घरात राहणाऱ्या बाईचे आभार. तिनं सात वेळा ही जमीन सारवली. आणि जिनं आठव्यांदा सारवली, सेहेचाळीस वर्षांपूर्वी, बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, त्या बाईचेही आभार. तिचं एक बोट कडबा कापायच्या मशीनमध्ये गेलेलं होतं." एकदोघांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. बाकी लोक रोडग्यांकडे निघाले होते.

सरांनी मात्र कानातलं मशीन दाबून धरलं होतं.

मी खाली आले आणि त्यांच्या मांडीवरच्या शाल-श्रीफळावर रुमाल ठेवला. "गावाकडून भेट, सर."

त्यांनी गाठ सोडली. गोवरी पाहिली. आधी काही समजलं नाही, मग समजलं. त्यांनी आपला हात त्या ठशावर ठेवला, एकेक बोट करत. अंगठा बसला, पहिलं बोट बसलं, मधलं बसलं, करंगळी बसली. अनामिकेला जागाच नव्हती, ती वर राहिली. त्यांनी काचेखाली पाहिलं. पुन्हा गोवरीकडे पाहिलं. असं तीन-चार वेळा केलं.

"आम्ही आठ थर मोजले होते," ते म्हणाले.

"माझ्या मायनं सात मोजले होते. तुमच्या पुढ्यात. तुम्ही तिचा अंबाडा पेन्सिलीनं उसकटला त्याच्या आधी."

त्यांचे ओठ हलायला लागले. "तो मणी... तो सापडला होता."

"चाळणीत."

"मी निरोप पाठवला होता."

"ड्रायव्हरजवळ."

मी या क्षणासाठी सगळ्या उत्तरांची तयारी करून आले होते. ते म्हणतील, खोटं आहे. ते म्हणतील, पुरावा काय. ते म्हणतील, आता या वयात कशाला. सर यातलं काहीच बोलले नाहीत. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "पाटी बदलावी लागेल. त्यांचं नाव काय होतं?"

नाव! अख्खा हिवाळा ती बाई त्यांच्या हाताखाली खपली. तिच्या हातावर त्यांचं पुस्तक उभं राहिलं, सत्कार झाले, शाली मिळाल्या. आणि नावच माहीत नाही. माझ्या अंगाची आग आग झाली.

"नाव सांगते," मी म्हटलं. "आदी बूट काढा."

"काय?"

"बूट काढा, सर. हे घर हाय कोन्या बाईचं. दोन बायांचं हाय."

सुनील धावत आला. "आत्या! आत्या, काय करून राहिल्या तुमी?"

"तू जाय, लोकाईले जेवाले बसव."

सर खाली वाकले. त्यांची काठी काचेवर पडली, तिचा मोठा आवाज झाला. त्यांच्या बोटांना लेसची गाठ सापडेना. एक पोरगी मदतीला आली, तिला मी हातानंच थांबवलं. मी स्वतः वाकले नाही. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्या माणसासमोर मी ताठ उभी राहून पाहत होते, आणि मला बरं वाटत होतं. खोटं काहून बोलू? एक बूट निघाला. लय वेळानं दुसरा निघाला. मग मोजे. पांढरे, सुरकुतलेले पाय त्यांनी काचेवर टेकवले, मायच्या हाताच्या बरोबर वर, आणि सवयीनं खिशातून पेन्सिल काढून उद्घाटनाच्या पत्रिकेच्या मागे धरली.

"शेवंता," मी म्हटलं.